कातड्यांचा चातुर्मास

माझे घरमालक कातड्यांचे व्यापारी होते आणि पायांत ट्रकच्या टायरच्या चपला घालत. विसरवाडीच्या जंगल नाक्यावर मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी चहाच्या टपरीवर भाड्याच्या खोलीची चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, "आप्पाकडे जा. खोली चांगली शे, विहीरले पानी शे. फक्त वास शे."

कसला वास, असं विचारल्यावर त्यानं हसून रस्त्यापलीकडच्या कौलारू घराकडे बोट केलं. घराच्या ओट्यावर धोतर, बंडी आणि पांढरी टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस उकिडवा बसला होता. समोर डोंगरातली एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर घोरपडीचं वाळलेलं कातडं होतं. तो माणूस कातड्याला हात लावत नव्हता. नुसते प्रश्न विचारत होता.

"कोठे सापडनी?"

"वरती, नाल्यावर."

"बीळमा का झाडवर?"

"झाडवर."

"पोटमा काय व्हतं?"

बाई लाजून हसली. घोरपडीच्या पोटात काय होतं हे तिला आजवर कोणी विचारलं नसावं. आठवून म्हणाली, "खेकडा होता. आणि पाखराचं पीस."

आप्पांनी मान डोलावली, जणू फार दिवस न सुटलेलं गणित सुटलं. मग त्यांनी कातडं हातात घेतलं. बाईला चहा आला, गूळ आला. तोवर मी अंगणात उभाच होतो. अखेर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी नाक्यावरचा नवा कारकून आहे हे कळताच ते उठले, खोली दाखवली आणि दारातच म्हणाले, "एक गोठ सांगस. खोलीना संबंध खोलीले, नाक्याना संबंध नाक्याले."

त्या वेळी याचा अर्थ मला लागला नाही. पुढे चार वर्षं मी त्या खोलीत राहिलो आणि ती रेघ आप्पांनी एकदाही ओलांडली नाही. घरी ते मला 'भाऊ' म्हणत, विहिरीचा दोर ओला ठेवला म्हणून रागवत. नाक्यावर आले की जाळीच्या बाहेर हात जोडून उभे राहत आणि 'साहेब' म्हणत. सकाळी ज्या माणसानं मला दोरावरून झापलं, तोच दुपारी माझ्यापुढं वाकतो आहे, हे पाहून मला पहिले काही महिने फार अवघडल्यासारखं होई.

वास मात्र खरा होता. मिठाचा, उन्हाचा आणि भिजून वाळलेल्या जुन्या दोरासारखा. माझी बायको आठ दिवस नाकाला पदर लावून स्वयंपाक करत होती. नवव्या दिवशी पदर सुटला.

ही गोष्ट नंदुरबार अजून धुळ्याचाच भाग होता तेव्हाची. घोरपड, अजगर, धामण यांच्या कातड्यांचा व्यापार तेव्हा राजरोस चाले. डोंगरातले लोक जनावर धरत, व्यापारी कातडं घेऊन मिठात वाळवत आणि मुंबईला पाठवत. तिथून बोटीनं कुठं कुठं जाई. बायकांच्या पर्सा, बूट, पट्टे. सरकारनं या धंद्याला परवाना लावला होता. परवानाधारकानं माल नाक्यावर दाखवायचा, आम्ही तपासून वाहतुकीचा पास द्यायचा. मगरीला मात्र आमच्या भागात परवाना मिळत नसे. तापीतल्या मगरी कमी झाल्यात, हे वर कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. म्हणजे सरकारच्या बाजूनं त्या कातड्यांवर नजर ठेवणारा माणूस मी, आणि राहायला त्याच कातड्यांच्या शेजारी.

आप्पा तापीकाठच्या गुजर घराण्यातले. घरी केळी, कापूस, बारा बैल. सगळे शुद्ध शाकाहारी. आप्पाही. ते कांदासुद्धा खात नसत. या माणसानं कातड्यात हात घातला तेव्हा भावांनी सांगितलं, हा धंदा गावात नको. म्हणून ते हमरस्त्यावर, जिथं ट्रक थांबतात त्या विसरवाडीला आले. गोदामात जायचं धोतर वेगळं. बाहेर आले की विहिरीवर अंघोळ, मगच स्वयंपाकघराचा उंबरा. त्यांच्या पत्नीला आम्ही आक्का म्हणायचो. आक्कांनी गोदामाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आमना घरमा जंगलना सगळा जीव येतस माय, पन मरीसन येतस."

मग हा माणूस या धंद्यात पडला कशाला? मला हे कुतूहल गप्प बसू देईना. मी त्यांना निरनिराळ्या वेळी चारदा विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, लहानपणी भजनातल्या दिमडीवरचं कातडं घोरपडीचं आहे असं कळलं, तेव्हापासून त्यातून आवाज कसा येतो याचा विचार डोक्यात बसला. दुसऱ्यांदा म्हणाले, भावाशी भांडण झालं. तिसऱ्यांदा, केळी नुसती एका जागी उभी राहते, तिला विचारावं असं काही नसतं. चौथ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हीन कारकून कसाले व्हयनात?" मग मी पाचव्यांदा विचारलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की आप्पा घोरपड घेणं बंद करत. ते थेट दसऱ्यापर्यंत. कायद्यात असं काही नव्हतं. हा त्यांचा स्वतःचा कायदा, आणि गावात त्याला 'आप्पाचा चातुर्मास' म्हणत. त्या दिवसांत कोणी कातडं आणलंच तर ते ओट्यावर बसवून चहा पाजत आणि विचारत, "अंडा व्हतात का?"

"होते."

"कितला?"

"वीस. जास्त पण असतील."

"म्हंजे तू एक नही, येकवीस आनात. येकवीस मी कशे लेऊ? दसराना नंतर ये."

तो माणूस मुकाट्यानं उठे आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाई. तिथं कातडं हातोहात खपे. ओट्यावरून आप्पांना ते दिसत असे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, घोरपड तर मेलीच. तुम्ही घेतलं नाही म्हणून ती जिवंत होणार आहे का?"

"नही व्हनार."

"मग?"

"मंग काय? मी घेतं नही, इतलंच."

चातुर्मास चार महिन्यांचा असतो, तुमचा लांबलाय, हेही मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "देवले च्यार पुरतस. घोरपडले नही पुरतस."

गोदामाच्या आतल्या भिंतीवर त्यांनी कोळशानं तापी काढली होती. वाकडीतिकडी, पण प्रकाशा गावापासून खाली गुजरातच्या हद्दीपर्यंत. तिच्यावर डोहांचे गोल. ज्याच्याकडून माल येई त्याला ते विचारत, अमक्या डोहात मगर दिसते का, केवढी दिसते, पिलं दिसतात का. 'आता दिसत नाही' असं तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं की चुन्याचं बोट घेऊन तो गोल पुसून टाकत. मगरीचं कातडं ते घेत नव्हते, तरी हा उद्योग चालू होता. मी पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा अकरा गोल होते. मी जायच्या सुमारास चार.

आणि अर्ज. महिन्या-दोन महिन्यांनी आप्पा साहेब लोकांना अर्ज लिहीत. शुद्धलेखनापुरतं मला दाखवत. खोलीवर, नाक्यावर नव्हे. शाळा चार इयत्ता झालेली, पण अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक अर्जाची सुरुवात ठरलेली: 'मी स्वतः परवानाधारक व्यापारी आहे. म्हणून माझ्या सांगण्यावर विश्वास न ठेवता चौकशी करावी.' पुढं मागणी. पासावर एकच रकाना आहे, सरपटणारे प्राणी, नग इतके. त्याऐवजी जात कोणती, लांबी किती, नर की मादी, कुठल्या नाल्यावरची, असे रकाने करावेत. अमक्या लांबीच्या आतलं कातडं कोणालाच विकू देऊ नये, मलासुद्धा नाही.

एवढ्या सगळ्या अर्जांना एकच उत्तर आलेलं मी पाहिलं. 'आपला अर्ज मिळाला.' तो कागद त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.

"भाऊ, याना आखो काही अर्थ निंघस का?"

"नाही आप्पा. अर्ज मिळाला, एवढाच."

"पन अर्ज मियना ना," ते म्हणाले आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.

माझ्या तिथल्या चौथ्या हिवाळ्यात आप्पांना हिवतापानं धरलं. तीन आठवडे ते अंथरुणातून उठले नाहीत. धंदा त्यांच्या पुतण्यानं सांभाळला. हा थोरल्या भावाचा मुलगा, पंचविशीतला, बोलायला गोड, केळीत मन रमेना म्हणून काकांकडे आलेला. आप्पांना मूलबाळ नव्हतं. गोदामाच्या किल्ल्या आज ना उद्या त्याच्याकडेच जायच्या होत्या.

एका दुपारी तो बावीस गठ्ठे घेऊन नाक्यावर आला. कागदावर 'घोरपड' लिहिलेलं होतं. लाकडाचा हंगाम होता, बाहेर ट्रकांची रांग लागली होती, ड्रायव्हर भोंगे वाजवत होते. मी वरचे दोन गठ्ठे सोडून पाहिले. घोरपडच होती. शिवाय आप्पांच्या घरचा माल. मी पास फाडला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का नाक्यावर आल्या. त्या कधी रस्तासुद्धा ओलांडत नसत. "तुमले बोलावतस," एवढंच म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. घरामागं गोदामाच्या दारापर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या.

आत आप्पा घोंगडी पांघरून जमिनीवर बसले होते. ताप उतरला होता, पण गाल आत गेले होते. भोवती ट्रकमध्ये चढवायचे कालचे गठ्ठे सुटलेले. कोपऱ्यात पुतण्या भिंतीला टेकून उभा.

"या साहेब," आप्पा म्हणाले.

घरात त्यांनी मला साहेब म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी दोन कातडी माझ्यासमोर ठेवली आणि हातात भिंग दिलं. "हाई देखा. घोरपड. मोतीना दाना पसरेल शेत, असं दिसस ना? आते हाई देखा."

दुसरं कातडं वीतभरापेक्षा थोडं मोठं, फिकट, मऊ. त्यावर दाणे नव्हते. लहान लहान चौकोन होते, फरशी बसवल्यासारखे, एकाला एक लागून. मी भिंग जवळ नेलं. प्रत्येक चौकोनावर एक बारीक टिंब होतं, सुईच्या टोकानं टोचल्यासारखं.

"घोरपडले हाई टिंब नही ऱ्हास," आप्पा म्हणाले. "हाई मगरनं पिल्लू शे."

"किती आहेत?"

"सोळा गठ्ठा. समदा एकच मापना. म्हंजे एकच सालना शेतस, एकच डोहना." त्यांनी कोपऱ्याकडे न पाहता विचारलं, "कोनता डोह?"

पुतण्यानं डोहाचं नाव सांगितलं. मासे धरणाऱ्यांनी जाळ्यात धरली होती, त्यानं विकत घेतली होती. मुंबईचा व्यापारी हल्ली लहानच कातडं मागतो, म्हणाला. घड्याळाच्या पट्ट्याला बारीक नक्षी लागते, मोठ्या मगरीचा चौकोन पट्ट्यावर बसत नाही. मी नकळत मनगट मागे घेतलं. माझा पट्टा साधा, म्हशीच्या चामड्याचा होता. तरी घेतलं.

"काका, आते काय करनं शे?" पुतण्या म्हणाला. "पास व्हई गया. सही व्हई गई. ट्रक दारमा उभा शे. हाई काही जित्ता व्हनार नहीत."

मीच आप्पांना एकदा विचारलं होतं ते आता तो विचारत होता.

आप्पा मला म्हणाले, "साहेब, पंचनामा लिखा."

"तुमचा परवाना जाईल."

"जाई."

"आप्पा, पासावर सही माझी आहे. तपासलं म्हणून मी लिहून दिलंय. माझी नोकरीसुद्धा जाईल."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली आणि विचारलं, "सूनबाईले कितवा महिना?"

"सातवा."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मला वाटलं, ट्रक जाऊ द्यावा. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतो आहे. नुसतं वाटलं नाही, मी तसं बोलणारही होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दारातून आक्कांचा आवाज आला, "तुम्हीन अर्ज लिखतस ना सगळा साहेब लोकस्ले? मंग आज या साहेबले लिखा ना."

आप्पांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आठवलं की अजून मला हसू येतं. एखादं अवघड कुलूप हाताशी लागलेल्या किल्लीनं उघडावं तसा तो चेहरा झाला. त्यांनी कागद मागवला आणि लिहिलं: 'मी स्वतः परवानाधारक व्यापारी आहे. माझ्या आजारपणात माझ्या गोदामात आलेला माल पासाप्रमाणे नाही अशी माझी तक्रार आहे. नाक्यावर फसवणूक झाली आहे. माल थांबवून फेरतपासणी करावी.'

पुतण्याचं नाव त्यात नव्हतं. सगळं स्वतःवर घेतलेलं. मी तो अर्ज हातात घेऊन नाक्यावर गेलो, आवक नोंदवून शिक्का मारला, आणि मग सरकारी माणूस म्हणून परत येऊन ट्रक अडवला. शूरपणा वगैरे नव्हता तो. आप्पांनी दाखवलेल्या वाटेनं मी निघालो, एवढंच.

चौकशीला आलेले रेंजर भले गृहस्थ होते, पण त्यांना हे प्रकरण कागदावर बसवता येईना.

"तक्रारदार कोण?"

"मी," आप्पा म्हणाले.

"आरोपी?"

"मीच."

"असं कसं चालेल? साक्षीदार तरी दुसरा आहे का?"

आप्पांनी भिंग त्यांच्यापुढं धरलं. "हाई सोळा गठ्ठा. एकेकले विचारा."

रेंजरसाहेबांनी भिंगातून पाहिलं. मग दुसरं कातडं घेतलं, तिसरं घेतलं. चहा येऊन निवला तरी त्यांनी मान वर केली नाही. "आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्याही हातून कितीक गेली असतील."

आप्पांचा परवाना रद्द झाला. मला ताकीद मिळाली आणि बदलीचा हुकूम: उन्हाळा संपला की सातपुड्यातल्या अक्राणीला. तिकडे पाठवतात म्हणजे शिक्षाच, असं सगळे समजत. माझी नोकरी टिकली, कारण फेरतपासणी मीच केली होती आणि तीही तक्रार आल्याबरोबर.

पण खरा घाव पुढं बसला. जप्त मालाचा नियमाप्रमाणे लिलाव करायचा असतो. आप्पांनी अर्जामागून अर्ज केले, ही कातडी जाळा, नाहीतर शाळांना द्या, पण विकू नका. जाळायचा नियम नव्हता. लिलावाच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून गेले आणि सगळ्यांच्या मागं उभे राहिले. मी शेजारी होतो. मुंबईच्या त्याच व्यापाऱ्याच्या माणसानं सगळे गठ्ठे घेतले. त्याला पावती मिळाली, शिक्का मिळाला, नवा पास मिळाला. तो पास मलाच लिहावा लागला. रकाना एकच होता. सरपटणारे प्राणी, नग इतके.

परत येताना घराजवळ आल्यावर आप्पा म्हणाले, "आते ती कातडी कायदेशीर व्हयनीत, भाऊ."

पुतण्या काही दिवसांनी निघून गेला. दुसऱ्या गावी त्यानं स्वतःच्या नावानं परवाना काढला. त्याला तो मिळायला अडचण आली नाही. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याचा धंदा चांगला चालला असं ऐकलं. आप्पांनी गोदाम धुऊन घेतलं आणि तिथं कापसाचं बी ठेवायला सुरुवात केली. माझी मुलगी त्याच घरात जन्मली. तिच्या बारशाला आक्का पहिल्यांदा गोदामात शिरल्या. पाळणा तिथंच टांगला होता, जागा तेवढीच मोठी होती.

अक्राणीला मी पाच वर्षं होतो. धडगावला, तिथल्या तालुक्याच्या गावी, पावसाळ्यात टपालसुद्धा वेळेवर येत नसे. एके वर्षी पासांची नवी पुस्तकं आली आणि पाहतो तर त्यात दोन रकाने वाढलेले: जात आणि लांबी. आप्पांच्या अर्जांमुळे वाढले की आणखी कशानं, हे मला कधीच कळलं नाही. मोजपट्टी मात्र कोणी पाठवली नव्हती. आमचे शिपाई वितीनं मोजून अंदाजे भरत. मी एक कोरा पास पाकिटात घालून विसरवाडीला पाठवला.

त्याचं उत्तर म्हणून आप्पाच आले.

थंडीचे दिवस होते. लाकडाच्या एका ट्रकमध्ये बसून, मग डोंगर चढून, तोच टायरच्या चपलांचा आवाज करत साठीचा तो माणूस माझ्या कचेरीच्या दारात उभा राहिला. खांद्यावर धडपं, त्यात आक्कांनी बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. पाणी पिऊन झाल्यावर पासाबद्दल, प्रकृतीबद्दल, मुलीबद्दल चार शब्द झाले. मग ते जरा संकोचले. एवढी वर्षं ओळखत होतो, पण संकोचलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते.

"भाऊ, एक काम शे. तुमना आठे नर्मदामा मगर शे म्हनतस."

"आहे. का?"

"माले जित्ती मगर देखनी शे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आप्पा, तुम्ही मगर पाहिलेली नाही?"

"कातडं देखं. पंचवीस वरीस कातडंच देखं. मगरनं, अजगरनं, समदास्नं." ते मान खाली घालून म्हणाले. "लोकेस्ले विचारी विचारी माले समदं ठाऊक शे. ती काय खास, कोठे अंडा घालस. पन जित्ती? एकबी नही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उतरलो. दोन डोंगर आणि एक नाला पार करून नर्मदेच्या काठी आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मणिबेली गावाच्या बाजूला जाणारी एक होडी होती. नावाड्याला मी येण्याचं कारण सांगितलं. शिकारी आलेत की काय अशा नजरेनं त्यानं आधी आमच्या हातांकडे पाहिलं. हातांत काही नाही हे पाहून तो हसला आणि म्हणाला, बसा.

एका वळणावर त्यानं वल्ही उचलली आणि होडी नुसती वाहू दिली. पलीकडे वाळूची जीभ पाण्यात आली होती. तिच्यावर मला एक ओंडका दिसला. आप्पांना आधी दिसली. त्यांनी माझा दंड धरला.

ती तोंड उघडून पडली होती. अंगावरचं पाणी वाळलेलं, रंग वाळूपेक्षा थोडा गडद, हिरवट. दोन बगळे अगदी जवळ चालत होते आणि तिला त्यांचं काही नव्हतं. होडी खडकाला लागली. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो. मी आप्पांकडे पाहिलं. आता हा माणूस शंभर गोष्टी विचारेल असं मला वाटत होतं. नावाड्याला, मला, त्या बगळ्यांनासुद्धा. त्यांनी काहीच विचारलं नाही. ओठ नुसते हलत होते.

फार वेळानं ते कुजबुजले, "भाऊ, देखा. तिना कुशीवर देखा."

"काय?"

"कातडं वर-खाले व्हई ऱ्हायनं."

मी पाहिलं. खरंच, कुशीवरचे ते चौकोन सावकाश वर येत होते, थांबत होते, आणि पुन्हा खाली जात होते.

मग काय झालं कोण जाणे, आमच्यापैकी कोणी हललं असेल. तिनं तोंड मिटलं, अंग उचललं आणि एवढं जड जनावर आवाजसुद्धा न करता पाण्यात उतरून गेलं. वाळूवर शेपटीची ओली रेघ राहिली. बगळे चालतच होते.

नावाड्यानं वल्ही हातात घेतली. परत फिरायचं, तर चढ मोठा होता आणि उजेडी पोचायला हवं होतं. आप्पा हलले नाहीत.

"ती पुन्हा येईल का?" मी नावाड्याला विचारलं.

"येते ना. ऊन कललं की येते. पण वेळ लागेल."

आप्पांनी धडप्यातून भाकरी काढली, तिचे तीन भाग केले, एक नावाड्याला दिला, एक मला.

"मंग बसूत," ते म्हणाले.